पेनिगेंटच्या कड्यावरचं पर्पल सॅक्सिफ्रेज

विदुला_लीड्स

यॉर्कशायरमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना पेनिगेंट माहीत असतो तो ‘थ्री पीक्स’मुळे. पेनिगेंट, व्हर्नसाइड आणि इंगलबरो हे तीन डोंगर एका दिवसात, सुमारे चोवीस मैल, बारा तासांच्या आत. बहुतेक जण जून-जुलैत जातात आणि घड्याळाकडे बघत चढतात. माझं सांगणं एवढंच, की एकदा मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जा आणि माथा गाठायची घाई न करता पश्चिमेकडच्या कड्याखाली थांबा. खाली गवत अजून हिवाळ्यातलं, पिवळं पडलेलं असतं. झाडं निष्पर्ण असतात. आणि वर चुनखडीच्या पांढुरक्या पट्ट्यावर जांभळे-गुलाबी पुंजके लोंबत असतात. तेच पर्पल सॅक्सिफ्रेज, शास्त्रीय नाव सॅक्सिफ्रागा ऑपोझिटिफोलिया. लिनियसने १७५३ मध्ये त्याला हे नाव दिलं.

झाड म्हणावं तर ते जेमतेम तीन-चार सेंटिमीटर उंच. बारीक फांद्या दगडाला चिकटून पसरतात, त्यांवर काही मिलिमीटरची जाडसर पानं समोरासमोर जोडीने, इतकी दाटीवाटीने की फांदीला चार कडा असल्यासारखं दिसतं. प्रत्येक पानाच्या टोकाशी एक सूक्ष्म छिद्र असतं. मुळांनी घेतलेल्या पाण्यातला जादा चुना तिथून बाहेर पडतो, पाणी उडून जातं आणि टोकावर पांढरा ठिपका राहतो. साध्या भिंगातूनही तो छान दिसतो. फूल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, पाच पाकळ्यांचं, आखूड देठावर एकेकटं. झाडाच्या मानाने मोठंच म्हणायचं. आत दहा पुंकेसर आणि नारिंगी पराग.

आता मला ज्यासाठी धागा काढावासा वाटला ते. पेनिगेंटची उंची ६९४ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी उंचीच्या टेकाडावर आल्प्समधलं, ध्रुवप्रदेशातलं फूल राहतं. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, सदरलँडमध्ये, हेच फूल जवळजवळ समुद्रसपाटीला उगवतं. आल्प्समध्ये ते शोधायला साधारण दोन हजार मीटरच्या वर जावं लागतं. मग ‘उंचावरचं फूल’ म्हणजे नेमकं काय?

माझं मत असं झालं आहे की समुद्रसपाटीपासूनची उंची हा आकडा या झाडाबाबत फार कमी सांगतो. त्याचं सगळं आयुष्य जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरच्या थरात जातं आणि त्या थराचं हवामान आपल्या डोक्याभोवतीच्या हवामानापेक्षा वेगळं असतं. वारा तिथे मंदावतो, उन्हाने दगड तापतो, बर्फ पडला की पांघरूण मिळतं. माणूस पाच फुटांवरून थंडी मोजतो, म्हणून त्याला या फुलाची दया येते. फुलाला दयेची काही गरज नाही. त्याला खरी अडचण थंडीची नाही, सावलीची आणि गर्दीची आहे. उंच गवत वाढलं, झुडूप वाढलं, झाडाची सावली पडली, की ते संपलं. म्हणून ते अशा जागा धरून राहतं जिथे दुसरं कुणी फार वाढू शकत नाही.

पेनिगेंटवर हे अगदी नकाशासारखं वाचता येतं. डोंगराला दोन पायऱ्या आहेत. खालची चुनखडीची आणि वरची जाड्याभरड्या वालुकाश्माची, ज्याला इकडे मिलस्टोन ग्रिट म्हणतात. सॅक्सिफ्रेज खालच्या पायरीवर आहे. वरच्या वालुकाश्मात चुना नाही, माती आम्लधर्मी, तिथे ते नाही. कड्याच्या पायथ्याच्या उतारावरही नाही, कारण तिथे मेंढ्या चरतात आणि गवत दाट आहे. उरते ती उभ्या चुनखडीतली फट आणि अरुंद कंगोरा. मेंढीचं तोंड पोचत नाही, गवताला माती पुरत नाही, वरून चुन्याचं पाणी झिरपत राहतं.

हिमयुगात बर्फाच्या कडेने जी उघडी, दगडगोट्यांची जमीन होती, तिथे हे झाड सखल इंग्लंडमध्येही होतं. त्या काळच्या गाळात त्याची पानं सापडली आहेत. पुढे हवा उबदार झाली, जंगल चढत आलं आणि झाडाला कडे तेवढे राहिले. इंगलबरोवर, वेल्समध्ये स्नोडोनियात, ब्रेकन बीकन्समध्ये आणि आयर्लंडमध्ये बेन बुल्बेनवर हीच कथा आहे.

इथे डोंगर हिंडणारे, वनस्पती जाणणारे बरेच जण आहेत. तुम्ही हे फूल किंवा त्याच्यासारखं दुसरं कुठे पाहिलं असेल तर लिहा.

अण्णा_सातारकर

फार सुंदर लिहिलंस विदुला. आम्ही कासच्या पायथ्याला वाढलो, म्हणून विचारतो. कासलाही कातळच, मातीचा थर बोटभर, झाडं सगळी ठेंगणी, वारा मरणाचा. मग कासच्या फुलांना अल्पाइन का म्हणत नाहीत? तुमच्या पेनिगेंटपेक्षा कास उंचच आहे.

तृणपाती

अण्णा, प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी हेच विचारतो.

अल्पाइन म्हणजे वृक्षरेषेच्या वरचा प्रदेश. थंडीमुळे झाडाला खोड उभारून वाढणं जमत नाही, ती रेषा. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जावं तशी ती खाली येते. हिमालयात ती साडेतीन-चार हजार मीटरच्या आसपास असते, आल्प्समध्ये दोन हजाराच्या आगेमागे, आणि उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे समुद्राला टेकते. सह्याद्री एवढ्या दक्षिणेला आहे आणि एवढा बुटका आहे की ही रेषा त्याच्या माथ्यावर कितीतरी उंच, हवेत राहते. कळसूबाईच्या माथ्यावर झाडं नसतील तर ती कातळामुळे, वाऱ्यामुळे, चराईमुळे. थंडीमुळे नाही.

कासच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळपठारावर, झाडांना अडवणारी गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात पाणी साचून मुळं गुदमरतात आणि डिसेंबरनंतर कातळ तापून थेंब राहत नाही. याला तिथल्या झाडांनी दोन उत्तरं काढली. एक म्हणजे पावसाळ्यातच उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं; गेंद, सीतेची आसवं ही बरीचशी त्यातली. दुसरं म्हणजे कंद करून जमिनीखाली झोपायचं, जसं कंदीलपुष्प किंवा हबेआमरी करतात.

अल्पाइन प्रदेशात पहिलं उत्तर चालतच नाही म्हटलं तरी चालेल. दोन-अडीच महिन्यांत बीपासून बीपर्यंत जायचं आणि त्यात एखाद्या रात्री हिमपात झाला तर वंशच बुडाला. म्हणून तिथली बहुतेक सगळी झाडं बहुवर्षायू असतात. पर्पल सॅक्सिफ्रेजची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते. सगळा हिवाळा ती फांदीच्या टोकाशी पानांत लपेटलेली असते आणि बर्फ वितळला की काही दिवसांत उघडते. यंदाचं फूल हे गेल्या वर्षीच्या कमाईवरचं असतं. विदुला, तुझ्या एप्रिलच्या फुलांचं रहस्य हेच. त्यांना वसंताची वाट पाहावी लागत नाही, फक्त बर्फ हटायची.

मैत्रेयी

वाचतेय. बहुवर्षायूबद्दलचा मुद्दा पहिल्यांदाच नीट कळला.

आल्हाद_बाझेल

विदुलाताईंच्या ‘चार-पाच सेंटिमीटरच्या हवामाना’ला इकडचा एक भक्कम पुरावा आहे, तो सविस्तर लिहितो.

स्वित्झर्लंडच्या वॅलिस प्रांतात, त्सरमॅटच्या अलीकडे, डोम नावाचं शिखर आहे. ४,५४५ मीटर. संपूर्णपणे स्वित्झर्लंडमध्ये असलेलं सर्वांत उंच शिखर. त्याच्या माथ्यापासून जेमतेम चाळीस मीटर खाली, ४,५०५ मीटरवर, दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकाच्या फटीत पर्पल सॅक्सिफ्रेज उगवतं. युरोपात याहून उंचावर फुलणारं झाड नोंदलेलं नाही. बाझेल विद्यापीठातले क्रिस्तियान कॉर्नर यांनी तिथे मुळांजवळ तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलं आणि २०११ मध्ये ‘अल्पाइन बॉटनी’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले.

वाढीचा हंगाम फक्त ६६ दिवसांचा. त्या काळातलं फटीतलं सरासरी तापमान २.६ अंश सेल्सिअस. ऐन उन्हाळ्यातही प्रत्येक रात्री पारा शून्याखाली. हे वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच नोंदीतला दुसरा आकडा बघा. फटीतलं कमाल तापमान १८.१ अंश. साडेचार हजार मीटरवर, चहूकडे हिमनद्या असताना, उन्हात त्या फटीत पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळइतकी ऊब येते. आणि हिवाळ्यातलं किमान तापमान उणे २०.९. बाहेरच्या हवेत याहून कितीतरी कडाका असणार, पण बर्फाखाली फट तेवढीच गारठते.

म्हणजे झाडाचं काम रोज दुपारी काही तास चालतं आणि रात्री ते गोठून थांबतं. असं करत वर्षाला जेवढी ऊब मिळते तेवढ्यात पानं, मुळं, फूल, पुढच्या वर्षाची कळी एवढं सगळं बसवायचं. कॉर्नर यांनी लेखाच्या शीर्षकातच या जागेला पृथ्वीवरच्या फुलझाडांच्या सर्वांत थंड ठिकाणांत धरलं आहे आणि मला ते पटतं.

सह्यवेडा

आल्हाद, माहिती जबरदस्त. पण उंचीचा मान हिमालयाला द्यायला हवा. १९२१ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत वोलास्टन यांनी ६,१०० मीटरच्या वर अरेनेरिया या झाडाची उशी, म्हणजे जमिनीलगत घट्ट वाढलेला गोळा, गोळा केली होती. आणि २०१६ मध्ये चेक संशोधकांनी लडाखमधल्या शुकुले शिखरावर ६,१५० मीटरला सहा जातींची झाडं एकत्र वाढताना नोंदवली. त्यात सॉसुरिया म्हणजे आपल्या ब्रह्मकमळाच्या भाऊबंदांपैकी एक आहे. लडाखला दरवर्षी हजारो मराठी माणसं जातात, खारदुंगला खिंडीत फोटो काढतात आणि तिथल्याच दगडांत तळहाताएवढ्या उशा फुललेल्या असतात त्यांच्याकडे कुणी वाकून बघत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आल्हाद_बाझेल

उंचीबद्दल पूर्ण सहमत, म्हणून मी ‘युरोपात’ असं लिहिलं. पण यातूनच विदुलाताईंचा मुद्दा आणखी पक्का होतो. लडाख ३४ अंश अक्षांशावर, डोम ४६ अंशांवर. लडाखमधलं ६,१५० आणि डोमवरचं ४,५०५ यांत दीड हजार मीटरहून जास्त फरक आहे, तरी दोन्हीकडे झाडांची शेवटची हद्द लागते. मीटर वेगळे, थंडीची मर्यादा जवळपास सारखी. आणखी उत्तरेला चला. ग्रीनलँडच्या उत्तर टोकाजवळ काफेक्लुबेन नावाचं बेट आहे, ८३ अंश ४० मिनिटं उत्तर. जगातल्या सर्वांत उत्तरेच्या जमिनींपैकी एक. तिथेही पर्पल सॅक्सिफ्रेज आहे, समुद्रालगत.

हिमगौरी

मी ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेले होते. घांगरियाहून दरीत शिरल्यावर वाटेकडेच्या दगडांवर अगदी असंच जांभळं, जमिनीलगत पसरलेलं काहीतरी पाहिलं. फोटो जोडला आहे. हे तेच का?

तृणपाती

हिमगौरी, फोटो सुरेख आहे. हे सॅक्सिफ्रेज नाही, हिमालयातली रानटी थाइम आहे, थायमस लिनिअॅरिस. लांबून रंग आणि बसण्याची पद्धत सारखी दिसते. जवळून तीन गोष्टी बघायच्या. थाइमची फुलं फांदीच्या टोकाला गुच्छात असतात, सॅक्सिफ्रेजचं एकेक सुटं. थाइमचं फूल तुळशीच्या कुळातलं, ओठासारखे दोन भाग झालेलं. सॅक्सिफ्रेजचं पाच सारख्या पाकळ्यांचं, उघडं. आणि थाइमचं पान बोटांत चुरडलं की ओव्याचा वास येतो, कारण दोन्हींत थायमॉल असतं. अर्थात राष्ट्रीय उद्यानात पान तोडू नये. वाकून हुंगलं तरी पुरतं.

सॅक्सिफ्रेजच्या कुळातलं तिथे काही पाहायचं असेल तर खालच्या ओल्या कातळांवर मोठ्या, गोल, जाड पानांचं बर्जेनिया शोध. आयुर्वेदातला पाषाणभेद तो.

अण्णा_सातारकर

तृणपातीताई, कासचं उत्तर मनाला पटलं. आता आणखी एक. हे झाड कुंडीत होईल का? आमच्याकडे महाबळेश्वरला पुतण्याची रोपवाटिका आहे, तिथे थंडी बऱ्यापैकी असते.

विदुला_लीड्स

अण्णा, नाही हो होणार. कारणही सांगते. तुमच्याकडच्या हिवाळ्याचा प्रश्न नाही, रात्रींचा आहे. झाड दिवसा उन्हात साखर तयार करतं आणि चोवीस तास श्वसनात ती खर्च करतं. जितकी ऊब जास्त तितका खर्च जास्त. थंड रात्री असतील तर साठा उरतो आणि त्यातून पुढच्या वर्षाची कळी होते. महाबळेश्वरच्या एप्रिल-मेच्या रात्री या झाडाला दिवाळखोरीत काढतील आणि पाठोपाठ पावसाळा मुळं कुजवेल.

इंग्लंडमध्ये रॉक गार्डनवाले ते हौसेने लावतात. ‘स्प्लेंडन्स’, ‘रूथ ड्रेपर’ अशा बागेतल्या जाती रोपवाटिकांत मिळतात. दगडी हौदात खडी आणि चुनखडीचे तुकडे भरायचे, पाणी झटकन निघून गेलं पाहिजे आणि ऐन उन्हाळ्यात दुपारची सावली द्यायची. एवढं करूनही दक्षिण इंग्लंडमध्ये ते कुरकुरतं. रानातलं रोप उपटून आणायचा तर विचारही नको. व्हिक्टोरियन काळात हौशी लोकांनी ब्रिटनमधल्या कितीतरी दुर्मीळ डोंगरी झाडांची तशी वाट लावली. रानटी झाड जमीनमालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटणं इथे गुन्हा आहे.

पाऊलखूण

मी नॉर्वेत असतो. स्वालबार्डला, म्हणजे ७८ अंश उत्तरेला, हे फूल जूनमध्ये सर्वांत आधी फुलणाऱ्यांपैकी. लाँगइयरब्येन गावाबाहेर पडलं की खडीवर सगळीकडे दिसतं. रेनडियर ते खातात. तिकडे कुठलंही रानफूल तोडायला कायद्याने मनाई आहे आणि लोक ती पाळतात.

मला तिथे सर्वांत विलक्षण वाटलं ते असं. एकाच उतारावर या झाडाची दोन रूपं दिसतात. वाऱ्याने बर्फ उडून जाणाऱ्या, कोरड्या उंचवट्यांवर ते आखूड फांद्यांची घट्ट उशी करतं. खाली ओलसर खोलगट भागात, जिथे बर्फ उशिरा वितळतो, तिथे लांब फांद्या टाकत चटईसारखं पसरतं आणि जागोजाग मुळं धरतं. स्कॉटलंडचे संशोधक क्रॉफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन रूपांवर बरंच काम केलं. पसरणाऱ्या रूपाचा हंगाम आणखी तोकडा, म्हणून त्याच्या अंगातली सगळी कामं वेगाने चालतात. उशीवाल्याला वेळ थोडा जास्त मिळतो पण पाणी कमी, म्हणून तो काटकसरीने जगतो. एखाद्या वर्षी बर्फ लवकर गेला तर एकाचं फावतं, उशिरा गेला तर दुसऱ्याचं. दोघांचे पराग एकमेकांकडे जात असल्यामुळे दोन्ही गुण वंशात राहतात.

दुसरी गोष्ट त्यांच्या प्रवासाची. २००० साली ‘सायन्स’मध्ये रिचर्ड अॅबट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ध्रुवाभोवतीच्या ठिकठिकाणच्या झाडांच्या हरितलवकातला डीएनए त्यांनी तपासला. त्यातून दिसलं की सायबेरिया आणि अलास्का यांना जोडणाऱ्या बेरिंजियाच्या उत्तर भागात, जिथली बरीच जमीन बर्फाखाली गेली नव्हती, हे झाड हिमयुगात टिकून राहिलं होतं.

सह्यवेडा

दोन रूपांबद्दल वाचून आनंद झाला. मी आजवर अशी वेगळी दिसणारी झाडं बघून दोन जाती समजत होतो, असं अनेकांचं होत असेल. पराग नेतं कोण? एवढ्या थंडीत मधमाश्या?

पाऊलखूण

मधमाश्या नाहीत, भुंग्यांसारख्या केसाळ बंबलबी. कॅनडा-ग्रीनलँडच्या ध्रुवप्रदेशात बॉम्बस पोलॅरिस नावाची जात आहे, ती पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवते. माझ्या माहितीप्रमाणे स्वालबार्डवर बंबलबीची वस्ती नाही, तिथे हे काम माश्या करतात. फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतो, पराग नंतर सुटतात, म्हणजे परक्या फुलाचे पराग मिळायला थोडी सवड राहते. कोणीच कीटक आला नाही तर स्वतःच्या परागांवरही थोडंफार बी धरतं.

नेहा_टोरांटो

कॅनडातल्या नुनावुटचं हे अधिकृत फूल आहे, २००० सालापासून. इनुइट लोक पाकळ्या खातात, आधी कडसर आणि मग गोड लागतात म्हणे. पानाफांद्यांचा चहाही करतात.

आल्हाद_बाझेल

या झाडाची एक हरवलेली शाखा आहे, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मध्ये बोडेनझे हे मोठं सरोवर आहे. उंची साधारण ३९५ मीटर, म्हणजे आल्प्सच्या पायथ्याशी. त्याच्या खडीच्या किनाऱ्यावर पर्पल सॅक्सिफ्रेजची एक उपजात राहत होती, तिला ‘अँफिबिया’ म्हणत. हिमनदी मागे सरकली तेव्हा ती तिथेच राहिली. आल्प्समधल्या नेहमीच्या जागांपेक्षा दीड हजार मीटरहून जास्त खाली, जिथे आता द्राक्षाचे मळे आणि सफरचंदाच्या बागा आहेत, तिथे हे डोंगरी झाड तगलं कसं?

तर सरोवराच्या पाण्यामुळे. हिवाळ्यात डोंगरात सगळं गोठलेलं असतं, तेव्हा सरोवराचं पाणी उतरतं आणि किनाऱ्याची खडी उघडी पडते. झाड लवकर वसंतात फुलायचं. मे-जूनमध्ये आल्प्समधला बर्फ वितळून ऱ्हाइनवाटे पाणी यायचं, सरोवर चढायचं आणि झाड उन्हाळाभर पाण्याखाली जायचं. पाण्याने त्याला उष्णतेपासून वाचवलं आणि उंच गवतांना, झुडपांना तिथे येऊ दिलं नाही. म्हणजे डोंगरात जे काम कडा करतो ते इथे पूर करत होता.

विसाव्या शतकात ती उपजात नाहीशी झाली. सरोवरात सांडपाणी आणि खतांचा अंश वाढला, शेवाळ माजलं, त्याचे थर किनाऱ्यावर येऊन पडू लागले. किनाऱ्यावर बांधकामं झाली, लोकांची वर्दळ वाढली. हजारो वर्षं तग धरलेलं झाड काही दशकांत गेलं. तिच्या सोबतची दुसरी काही किनारी झाडं, जसं बोडेनझेचं फरगेट-मी-नॉट, अजून आहेत. पाणी पुन्हा स्वच्छ झालं आणि लोक त्यांची काळजी घेतात म्हणून. सॅक्सिफ्रेजला मात्र उशीर झाला. ही केवढी मोठी हानी आहे हे मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

अण्णा_सातारकर

आल्हाद, वाचून गलबलून आलं. हवामानबदलाने बाकीच्यांचंही असंच होणार का?

तृणपाती

अण्णा, चित्र सरळ नाही आणि म्हणूनच नीट समजून घ्यायला हवं. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये युरोपातल्या ३०२ शिखरांचा अभ्यास आला. दीडशे वर्षांच्या जुन्या नोंदी घेऊन त्याच माथ्यांवर पुन्हा जाऊन झाडं मोजली होती. बहुतेक शिखरांवर जातींची संख्या वाढलेली निघाली, आणि अलीकडच्या दशकांत वाढीचा वेग खूप जास्त. नुसतं ‘जाती वाढल्या’ एवढं ऐकून बरं वाटेल. पण येणारे कोण? खालच्या कुरणांतली, जास्त उंच वाढणारी, ऊब मानवणारी झाडं. विदुलाने सुरुवातीलाच लिहिलं, या फुलाला थंडीची नाही, गर्दीची अडचण आहे. ती गर्दी आता वर चढते आहे.

डोमवर अजून वर जायला चाळीस मीटर तरी आहेत. पेनिगेंटवर चुनखडीच्या पट्ट्याच्या वर वालुकाश्म आहे, तो या झाडाला चालत नाही. म्हणजे तिथून वर सरकायला जागाच नाही. तरीही उभे, उत्तर-पश्चिमेकडे तोंड केलेले कडे बराच काळ तग धरतील असं मला वाटतं, कारण फटीत गवताला माती मिळत नाही हे काही बदलणार नाही. सपाटीवरच्या आणि सौम्य उतारावरच्या अल्पाइन झाडांची मला जास्त काळजी वाटते.

मैत्रेयी

विदुलाताई, आम्ही मँचेस्टरला असतो. लेक आठ वर्षांची आहे, डोंगर चढायची सवय आहे. तिला हे फूल दाखवायचं ठरवलंय. कुठून, कधी आणि काय काळजी घ्यायची, ते सांगाल का?

विदुला_लीड्स

नक्की ये! रिबल्सडेलमधल्या हॉर्टन गावातून सुरुवात कर. लीड्सहून येणारी सेटल-कार्लाइल मार्गावरची आगगाडी तिथे थांबते. तुम्हाला मँचेस्टरहून मोटारीनेच सोपं पडेल. थ्री पीक्सवाले ब्रॅकनबॉटमच्या बाजूने दक्षिण नाकाडावरून चढतात, तिथे वरच्या टप्प्यात हाताने धरून चढावं लागतं. लेकीला घेऊन तू उलट बाजूने जा. गावातून पेनाइन वेची पायवाट धरायची, हंट पॉट या खोल विवराच्या जवळून ती डोंगराच्या पश्चिम अंगाला लागते आणि कड्याखालून तिरकी वर जाते. चुनखडीचा पट्टा तिथेच, उजव्या-डाव्या हाताला बघत राहा.

मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य हा काळ चांगला. हिवाळा लांबला असेल तर आठवडाभर पुढे. एप्रिल संपत आला की बरीचशी फुलं उतरलेली असतात.

दुर्बीण नक्की आणा आणि फोटोसाठी लांब पल्ल्याची लेन्स. वाटेवरून पुरेसं दिसतं. कंगोऱ्यांवर चढायचं नाही. एक तर चुनखडी तिथे ठिसूळ आहे, दगड निसटतात. दुसरं म्हणजे एका बुटाखाली पंचवीस-तीस वर्षांची वाढ जाऊ शकते. पायथ्याशी कोसळलेल्या शिळांवरही कधीकधी एखादा पुंजका असतो, तो लेकीला जवळून बघता येईल. तिच्या हातात भिंग दे आणि पानाच्या टोकाचा चुन्याचा ठिपका शोधायला सांग. वर वारा फार असतो, टोप्या-हातमोजे एप्रिलमध्येही लागतात. तारीख ठरली की इथेच कळव. मलाही यायला आवडेल.

मैत्रेयी

एप्रिलचा पहिला शनिवार धरते. हवामान बघून आदल्या बुधवारी पक्कं करू. दुर्बीण आहे, भिंग आजच मागवते.

पाऊलखूण

ईस्टरच्या सुट्टीत मी लीड्सला बहिणीकडे असेन. चालणार असेल तर मीही येतो.